वाटेत अडकलेले अमाइन

वायू-क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातली संयुगे वायूबरोबर एका लांब नळीतून चालवून वेगळी करण्याच्या, यंत्रात ती नळी, म्हणजे कॉलम, नवी बसवली की पहिला नमुना देण्याआधी मी त्यात ग्रोब मिश्रण टोचते. स्वित्झर्लंडमधील ग्रोब कुटुंबातील तिघा संशोधकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या या मिश्रणात बारा संयुगे असतात आणि त्यांतले प्रत्येक संयुग कॉलमची एखादी निराळी परीक्षा घेण्यासाठी निवडलेले असते. डेकेन आणि अनडेकेन ही हायड्रोकार्बने कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती सरळ चालत येतात आणि पडद्यावरच्या आलेखात सुईसारखी ताठ, दोन्ही अंगांनी सारखी शिखरे काढून निघून जातात. माझी नजर मात्र खिळलेली असते ती डायसायक्लोहेक्सिलअमाइनवर. कॉलमच्या आतल्या भिंतीवर आम्लधर्मी जागा उघड्या राहिल्या असतील तर हे शिखर चढते झपाट्याने, पण उतरताना त्याचा पाय निघत नाही. उजवीकडे लांब, पसरट शेपटी काढत ते कसेबसे बेसलाइनपर्यंत, म्हणजे आलेखाच्या सपाट तळरेषेपर्यंत, येते आणि कधी कधी शेजारच्या शिखराच्या पायथ्यात मिसळून जाते. प्रयोगशाळेत आम्ही याला ‘टेलिंग’ म्हणतो. (शिखराला आम्ही बोलताना ‘पीक’च म्हणतो, मराठीत लिहिताना मात्र त्या शब्दाने डोळ्यांसमोर शेत उभे राहते, म्हणून मी येथे शिखर लिहिते आहे.)

गेली कित्येक वर्षे माझ्या कामाचा मोठा भाग नायट्रोजनयुक्त संयुगे एकमेकांपासून वेगळी करण्यात गेला आहे. अमाइने, पिरिडीन आणि त्याची भावंडे, अमिनो आम्ले, नायट्रोसअमाइने या सगळ्यांशी माझा रोजचा व्यवहार आहे, आणि या काळात एक गोष्ट मला इतक्यांदा दिसली आहे की ती आता माझ्या काम करण्याच्या पद्धतीचाच भाग झाली आहे: यंत्राने दिलेल्या आकड्यात संयुगाइतकाच त्याने चाललेल्या वाटेचाही हिस्सा असतो. हायड्रोकार्बनांवर काम करणाऱ्याला हे वर्षानुवर्षे लक्षात न घेताही चालून जाते. नायट्रोजनवर काम करणाऱ्याला ते पहिल्याच आठवड्यात शिकावे लागते, आणि शिकला नाही तर तो चुकीचे अहवाल देत राहतो.

याचे मूळ एका इलेक्ट्रॉन-जोडीत आहे. अमोनियातल्या नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात आणि त्याशिवाय कोणत्याही बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक एकाकी जोडी त्याच्यापाशी मोकळी राहते. ही जोडी जिथे आम्लधर्मी हायड्रोजन दिसेल तिथे हात पुढे करते. अमाइने, म्हणजे अमोनियातल्या एक, दोन किंवा तिन्ही हायड्रोजनांच्या जागी कार्बनचे गट आलेली संयुगे, आम्लारिधर्मी असतात ती याच जोडीमुळे. आता, आजचा केशिका-कॉलम म्हणजे वितळवून ओढलेल्या सिलिकाची नळी. लांबी बहुधा तीस मीटर, आतला व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास आणि आतून स्थिर प्रावस्थेचा, म्हणजे जागेवर राहून जाणाऱ्या संयुगांना कमीअधिक धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर. सिलिकाच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल गट असतात, म्हणजे सिलिकॉनला जोडलेला ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला, किंचित आम्लधर्मी हायड्रोजन. अमाइनला हवे ते नेमके इथे मिळते. स्थिर प्रावस्थेच्या थराखालून, थराच्या फटीतून, नळीच्या कापलेल्या टोकाशी, नमुना जिथे टोचतात त्या इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीवर, म्हणजे लायनरवर, जिथे म्हणून असा उघडा सिलॅनॉल भेटेल तिथे अमाइनचा रेणू हायड्रोजन बंध करून थांबतो. बाकीचे रेणू तोवर वाहक वायूबरोबर पुढे गेलेले असतात. हा थांबलेला रेणू काही क्षणांनी सुटतो, पुढे कुठेतरी पुन्हा अडकतो, आणि अशा असंख्य रेणूंच्या उशिरा येण्याची नोंद म्हणजेच ती शेपटी. अशा जागा मोजक्याच असतात हे येथे फार महत्त्वाचे आहे. नमुन्यात अमाइन भरपूर असेल तर त्यातला थोडा भाग या जागा भरून टाकतो आणि उरलेला निर्वेध पुढे जातो, पण अमाइन अत्यल्प असेल तर सगळेच्या सगळे वाटेतच राहू शकते.

हायड्रोजन बंधाचा हा खेळ उत्कलनबिंदूंतही दिसतो. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो, मेथिलअमाइन उणे ६ अंशांच्या आसपास, डायमेथिलअमाइन सुमारे ७ अंशांना. पण त्याहून जड असलेले ट्रायमेथिलअमाइन मात्र ३ अंशांच्या जवळपासच उकळते. रेणू वजनाने वाढला आणि उत्कलनबिंदू उतरला, कारण ट्रायमेथिलअमाइनच्या नायट्रोजनवर एकही हायड्रोजन उरलेला नाही आणि म्हणून त्याचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंध करू शकत नाहीत. कॉलमच्या निवडीने या फरकाचा फायदा करून घेता येतो. हायड्रोकार्बनसारख्या स्थिर प्रावस्थेवर मुख्यतः रेणूचा आकार आणि बाष्पशीलता बोलतात. हायड्रोजन बंध करणाऱ्या प्रावस्थेवर प्राथमिक आणि द्वितीयक अमाइने (अमोनियाचे एक वा दोन हायड्रोजन बदललेली) जास्त वेळ रमतात आणि तृतीयक अमाइन (तिन्ही बदललेले) त्यामानाने लवकर सुटते.

ही गोष्ट वायू-क्रोमॅटोग्राफीच्या जन्माइतकीच जुनी आहे. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये द्रव-द्रव विभाजन क्रोमॅटोग्राफी मांडली, तेव्हाच फिरती प्रावस्था, म्हणजे संयुगांना पुढे वाहून नेणारे माध्यम, द्रवच असावी असे नाही, ती वायूही चालेल, असे त्यांनी लिहून ठेवले होते. पुढची दहा वर्षे ते वाक्य कोणी उचलले नाही. शेवटी मार्टिन यांनीच अँथनी जेम्स यांच्याबरोबर लंडनमधील मिल हिल येथील वैद्यकीय संशोधन संस्थेत ते प्रत्यक्षात आणले आणि १९५२ मध्ये बाष्पशील मेदाम्लांवरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना विभाजन क्रोमॅटोग्राफीसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्याच गटाने अमोनिया आणि मेथिलअमाइने वेगळी करून दाखवली, हे मात्र फारसे आठवले जात नाही. मला ते नेहमी आठवते, कारण आम्लांनंतर लगेच अमाइनांकडे वळण्यामागे एक सुंदर सोय होती. त्यांच्याकडे आजच्यासारखा डिटेक्टर नव्हता. कॉलममधून बाहेर पडणारा वायू ते द्रावणाच्या एका छोट्या पात्रात बुडबुड्यांनी सोडत. आम्ल किंवा अमाइन आले की द्रावणातल्या आम्ल-आम्लारी दर्शकाचा रंग बदले, प्रकाशविद्युत घट तो बदल टिपे आणि स्वयंचलित ब्युरेट थेंब थेंब सोडून तो रंग पुन्हा पूर्ववत करी. किती थेंब पडले त्याचा आलेख कागदावर निघे, आणि तो आजच्यासारखा शिखरांचा नसून जिन्याच्या पायऱ्यांचा असे: पायरीची उंची म्हणजे त्या संयुगाचे प्रमाण. आम्लारीचे अनुमापन हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी केलेले काम. त्याच कामाने एक नवे शास्त्र उभे राहिले, हे वाचले की मला अजूनही भरून येते.

नायट्रोजनयुक्त संयुगांच्या विलगीकरणाचे सौंदर्य एका उदाहरणात दाखवायचे झाले तर मी पिकोलिनांचे उदाहरण देईन. दगडी कोळशाच्या डांबरात पिरिडीनची बरीच भावंडे एकत्र नांदतात. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँडरसन यांनी १८४६ मध्ये त्यातूनच पिकोलिन वेगळे केले होते. पिरिडीन म्हणजे पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे षट्कोनी कडे. त्याला एक मेथिल गट (एक कार्बन आणि त्याचे तीन हायड्रोजन) लावला की पिकोलिन होते, आणि तो कुठे लावला त्यावरून तीन पिकोलिने होतात: नायट्रोजनच्या शेजारी, एक घर सोडून, किंवा थेट समोर. दोन मेथिल गट लावले की ल्युटिडीन होते. आता अडचण अशी की ३-पिकोलिन, ४-पिकोलिन आणि २,६-ल्युटिडीन ही तिन्ही १४४-१४५ अंशांच्या आसपासच उकळतात. ऊर्ध्वपातनाने ती वेगळी करू पाहणाऱ्याची काय दमछाक होत असेल याची कल्पना करता येते. ही निव्वळ अभ्यासाची बाब नाही. ३-पिकोलिनपासून निकोटिनिक आम्ल, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, बनवता येते, तर ४-पिकोलिनपासून क्षयरोगावरचे आयसोनियाझिड. ज्याला एक हवे त्याला दुसरे नको असते.

आता हेच तिघे हायड्रोक्सिल गट (ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला हायड्रोजन) असलेल्या, हायड्रोजन बंध देऊ शकणाऱ्या प्रावस्थेवरून चालवले की काय होते ते पाहावे. २,६-ल्युटिडीनच्या नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना मेथिल गट उभे आहेत, दारात दोन पहारेकरी उभे असावेत तसे. त्याची एकाकी जोडी आम्लारी म्हणून खरे तर या तिघांत सर्वांत बलवान आहे, पाण्यात ती प्रोटॉन सहज उचलते. पण प्रोटॉन इवलासा असतो, तो पहारेकऱ्यांच्या मधून आत शिरतो, आणि प्रावस्थेच्या अवजड साखळीवरचा हायड्रोक्सिल गट मात्र दारातच अडतो. परिणामी ल्युटिडीनला फारसे कोणी धरून ठेवत नाही आणि ते इतर दोघांच्या बरेच आधी बाहेर पडते. ३ आणि ४-पिकोलिनचे नायट्रोजन उघडे आहेत, म्हणून ती दोघे रेंगाळतात. त्यातही ४-पिकोलिन आम्लारी म्हणून थोडे सरस असल्यामुळे त्याचा हायड्रोजन बंध किंचित घट्ट बसतो आणि ते शेवटी येते. एकाच तापमानाला उकळणारे तीन द्रव, आणि त्यांना वेगळे करते ती फक्त एका इलेक्ट्रॉन-जोडीची जागा, तिच्याभोवतीची गर्दी आणि तिची ताकद. पहिल्यांदा हा आलेख मी स्वतः काढला तेव्हा कितीतरी वेळ त्या तीन शिखरांकडे नुसती पाहत बसले होते. पुस्तकात वाचलेली रेणूची रचना मिनिटांच्या पट्टीवर अशी उलगडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

म्हणजे जी ओढ अमाइनला सिलॅनॉलपाशी अडकवते तीच ओढ पिकोलिनांना वेगळे करते. हे लक्षात आल्यावर मी या संयुगांवर चिडायचे सोडून दिले. ओढ सगळ्या वाटेवर सारखी पसरलेली असेल तर तिच्यामुळे विलगीकरण होते, आणि ती मोजक्याच जागी, तीव्र आणि बेहिशेबी असेल तर शेपटी निघते.

ही बेहिशेबी ओढ मला एकदा फार महागात पडली असती. औषधनिर्मितीतल्या मधल्या टप्प्यावरच्या एका पदार्थाचे तीन नमुने माझ्याकडे आले होते आणि त्यांत ब्यूटिलअमाइन किती उरले आहे ते सांगायचे होते. मर्यादा दहा पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत दहा भागांची, होती. तिन्ही नमुन्यांचे आलेख स्वच्छ निघाले. ब्यूटिलअमाइन जिथे यायला हवे होते तिथे बेसलाइन आरशासारखी सपाट होती. मी ‘आढळले नाही’ असे लिहिले आणि कागद आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी आलेखाकडे पाहिलेही नाही. ते एवढेच म्हणाले, “अगं, तू आपल्या हाताने टाकलंस किती आणि परत आलं किती, ते आधी सांग.”

मी काहीच टाकले नव्हते. त्या संध्याकाळी मी पहिल्या नमुन्यात मोजून दहा पीपीएम ब्यूटिलअमाइन मिसळले आणि टोचले. आलेख पूर्वीइतकाच सपाट निघाला. तोंडचे पाणी पळणे म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. मग मी स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांची, मालिका लावली: दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस पीपीएम. चारही बिंदू एका रेषेत बसले, सहसंबंध गुणांक उत्तम आला, आणि एरवी मी तेवढ्यावर समाधान मानले असते. पण ती रेषा खाली वाढवत नेली तर ती आरंभबिंदूतून जात नव्हती. प्रमाणाच्या आडव्या अक्षाला ती पंधरा पीपीएमच्या आसपास छेदत होती. याचा अर्थ सरळ होता. प्रत्येक वेळी सुमारे पंधरा पीपीएमएवढे अमाइन वाटेत कोणीतरी ठेवून घेत होते, मग मी दोनशे टाको की पंचवीस. त्याखालचे काहीही मला दिसणे शक्यच नव्हते. दोनशेच्या स्टँडर्डनंतर मी नुसता द्रावक टोचला तेव्हा ब्यूटिलअमाइनच्या जागी एक बुटका, पसरट उंचवटा वर आला: ठेवून घेतलेल्यातले थोडे परत मिळत होते, ज्यात ते नव्हतेच त्या आलेखात.

दोषी सापडला तो लायनरमध्ये. त्या महिन्यात लायनरमधली काचेची लोकर मी स्वतःच्या हाताने बदलली होती आणि चिमट्याने ती आत दाबताना तिचे तंतू तुटले होते. लोकरीवर वरून निष्क्रियतेचा लेप असतो, पण तुटलेल्या प्रत्येक टोकावर उघडी, ताजी काच होती, आणि तशी हजारो टोके इंजेक्टरच्या ऐन तोंडाशी बसली होती. मी ते लायनर काढून अमाइनांसाठी खास निष्क्रिय केलेले, लोकर नसलेले लायनर घातले, सुई जिच्यातून आत जाते ती रबरी चकती, म्हणजे सेप्टम, बदलला, कॉलमच्या पुढच्या टोकाचे तीस सेंटिमीटर कापून टाकले आणि मालिका पुन्हा लावली. रेषा जवळजवळ आरंभबिंदूपर्यंत उतरली. तीनपैकी एका नमुन्यात ब्यूटिलअमाइन मर्यादेपेक्षा जास्त निघाले. अहवाल तोवर बाहेर गेला नव्हता, तो त्या एका प्रश्नामुळे.

त्या दिवसापासून मी नमुन्याची सगळी वाट डोळ्यांखालून घालते, आणि ती इंजेक्टरच्या बरीच आधी सुरू होते. अमाइन आम्लधर्मी द्रावणात असेल तर ते क्षाराच्या रूपात असते, आणि क्षार बाष्परूप होत नाही. म्हणून निष्कर्षणाआधी द्रावण चांगले अल्कधर्मी करावे लागते. द्रावक म्हणून ॲसिटोन घेतले तर प्राथमिक अमाइन त्याच्याशी अभिक्रिया करून इमिन बनते आणि आपण भलत्याच शिखराची वाट पाहत बसतो. डायक्लोरोमिथेन निरुपद्रवी वाटते, पण अमाइनांशी तेही हळूहळू अभिक्रिया करते. तयार नमुना त्यात रात्रभर ठेवणे मला पटत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइडदेखील अमाइनांना बांधून ठेवतो. व्हायलची काच ही काचच असते, तिलाही सिलॅनॉल असतात. कॉलमसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने संस्कारित पॉलिएथिलीन ग्लायकॉल वापरतात. त्यातला अल्क उघड्या आम्लधर्मी जागा आधीच मारून ठेवतो आणि अमाइनांची शिखरे देखणी येतात. पण असा कॉलम नाजूक असतो, त्याला जास्त तापमान सोसत नाही आणि त्यात आम्लधर्मी नमुना गेला की त्याचा गुण उतरतो. आमच्याकडे तसा एक कॉलम निव्वळ अमाइनांसाठी राखून ठेवलेला आहे आणि त्याच्या खोक्यावर मी मोठ्या अक्षरांत तसे लिहिले आहे.

दुसरा मार्ग अमाइनचे रूपच पालटण्याचा. ट्रायफ्लुओरोॲसिटिक अनहायड्राइडसारख्या अभिकारकाने प्राथमिक किंवा द्वितीयक अमाइनच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन बदलला की अमाइड तयार होते, नायट्रोजनची एकाकी जोडी शेजारच्या कार्बोनिल गटाकडे ओढली जाते आणि सिलॅनॉलपुढे हात पसरायचे तिचे प्रयोजनच उरत नाही. शिखर ताठ होते. तृतीयक अमाइनांना ही युक्ती लागू पडत नाही, आणि अभिक्रियेत निघणारे आम्ल नीट काढून टाकले नाही तर तेच कॉलम बिघडवते. या मार्गाबद्दल माझ्या मनात थोडी अढी आहे, कारण प्रत्येक जादा पायरी म्हणजे काहीतरी सांडण्याची एक जादा संधी. पण अमिनो आम्लांच्या बाबतीत ती अढी बाजूला ठेवावीच लागते. एकाच रेणूत आम्ल आणि अमाइन असल्यामुळे अमिनो आम्ल धन आणि ऋण भार एकत्र बाळगून असते. तापवले तर ते बाष्परूप होण्याऐवजी विघटित होते. त्याच्या आम्ल टोकाचे एस्टर आणि अमाइन टोकाचे अमाइड केले की ते वायू-क्रोमॅटोग्राफीच्या आवाक्यात येते. चार्ल्स गेर्के यांनी ही पद्धत इतक्या काटेकोरपणे बसवली की अपोलो मोहिमांनी आणलेल्या चांद्रमातीत अमिनो आम्ले शोधण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. आणि इमानुएल गिल-आव्ह यांच्या गटाने १९६६ मध्ये अमिनो आम्लांच्या अशाच रूपांतरित संयुगांची डावी आणि उजवी रूपे वायू-क्रोमॅटोग्राफीने वेगळी करून दाखवली, अमिनो आम्लापासूनच बनवलेल्या स्थिर प्रावस्थेवर. आरशातल्या प्रतिबिंबाला मूळ वस्तूपासून वेगळे करण्याएवढी नाजूक ओढही शेवटी हायड्रोजन बंधांचीच होती.

कॉलममधून बाहेर पडलेल्या संयुगात नायट्रोजन आहे हे ओळखायला स्वतंत्र डिटेक्टर आहे. आमच्या बोलीत तो एनपीडी, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरस डिटेक्टर. त्याच्या आत रुबिडियमसारख्या अल्क धातूचा क्षार असलेला एक मणी असतो, मोहरीपेक्षा फार मोठा नाही. विजेने तापवला की तो मंद तांबूस उजळतो. त्याच्याभोवती हायड्रोजन इतका थोडा सोडतात की ज्योत पेटतच नाही, आणि त्यामुळे हायड्रोकार्बनांना फारसा प्रतिसाद मिळत नाही. नायट्रोजन किंवा फॉस्फरस असलेले संयुग आले की मात्र विद्युतप्रवाह उसळतो. कार्बनच्या तुलनेत नायट्रोजनला तो दहा हजारपट आणि त्याहूनही अधिक प्रतिसाद देतो. गंमत अशी की हवेतल्या नायट्रोजन वायूला हा मणी दाद देत नाही. त्याला कार्बनशी जोडलेला नायट्रोजन लागतो. सिलिकॉनयुक्त अभिकारक आणि क्लोरीनयुक्त द्रावक यांनी मणी लवकर मरतो, आणि सायनो गट असलेल्या कॉलममधून गळणारा नायट्रोजन बेसलाइन वर उचलतो. रेणू आणि त्याचे तुकडे यांचे वस्तुमान मोजणारा वस्तुमान वर्णपटमापक जोडलेला असेल तर आणखी एक साधी खूण मिळते: रेणूत नायट्रोजनचे अणू विषम संख्येने असतील तर रेणुवस्तुमान विषम येते, आणि सरळ साखळीच्या प्राथमिक अमाइनांच्या वर्णपटात ३० हा आकडा ठळकपणे उभा असतो.

येथवर मी अडकण्याबद्दल लिहिले. पण वाट नुसती गिळत नाही, ती निर्माणही करते, आणि हे मला जास्त भीतिदायक वाटते. २०१८ मध्ये रक्तदाबावरच्या वाल्सार्टान या औषधात एन-नायट्रोसोडायमेथिलअमाइन, म्हणजे एनडीएमए, हे कर्करोगकारक मानले जाणारे नायट्रोसअमाइन सापडले. निर्मितीत वापरलेल्या डायमेथिलफॉर्मअमाइड या द्रावकातून आलेले डायमेथिलअमाइन आणि पुढच्या पायरीतले सोडियम नायट्राइट यांच्या संयोगाने ते बनले होते. त्याची स्वीकारार्ह रोजची मर्यादा ९६ नॅनोग्रॅम ठरवली गेली, आणि जगभरच्या प्रयोगशाळा ते शोधायला लागल्या. हेडस्पेस पद्धतीची, म्हणजे बंद कुपीत नमुना तापवून त्यावरची वाफ टोचण्याची, वायू-क्रोमॅटोग्राफी आणि तिला जोडलेला वस्तुमान वर्णपटमापक हे त्यातले एक मुख्य साधन होते. पुढच्या वर्षी आम्लपित्तावरच्या रॅनिटिडीनमध्ये याच प्रकारच्या पद्धतीने एनडीएमएचे प्रचंड आकडे आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपास केला तेव्हा लक्षात आले की त्या चाचणीतल्या उष्णतेनेच रॅनिटिडीनचे विघटन होऊन एनडीएमए तयार होत होते. रॅनिटिडीनच्या रेणूत एका टोकाला डायमेथिलअमिनो गट आहे आणि दुसऱ्या टोकाला नायट्रो गट. कच्चा माल तो स्वतःच बरोबर घेऊन आला होता आणि भट्टी यंत्राने पुरवली होती. मग उष्णता न लागणाऱ्या द्रव-क्रोमॅटोग्राफीने मोजमाप करण्याची शिफारस झाली आणि आकडे पुष्कळ खाली आले. तरी औषध निर्दोष ठरले नाही: साठवणीत, विशेषतः जास्त तापमानात, त्यात एनडीएमए कालांतराने वाढत जाते असे दिसून आले आणि एप्रिल २०२० मध्ये तिथे ते बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले. चुकीच्या पद्धतीने निघालेल्या आकड्यामागे खरा धोका असू शकतो, आणि खऱ्या धोक्याचा आकडाही चुकीचा असू शकतो, या दोन्ही गोष्टी मला त्या एका प्रकरणात शेजारी शेजारी दिसल्या.

आता माझ्या अहवालात ‘आढळले नाही’ या शब्दांच्या उजवीकडे दोन रकाने असतात. पहिल्यात त्याच नमुन्यात मी स्वतः मिसळलेल्या ज्ञात प्रमाणापैकी किती परत मिळाले ते लिहिलेले असते, शंभरात नव्वद असेल तर नव्वद आणि साठ असेल तर साठ. दुसऱ्यात तोच नमुना इंजेक्टरचे तापमान तीस अंशांनी उतरवून पुन्हा चालवल्यावर निकाल बदलला की नाही, ते. यात एक जादा दुपार जाते, आणि नमुना पाठवणाऱ्यांना ती नेहमीच जादा वाटते. हे रकाने रिकामे असतील तर मी सही करत नाही, आणि नव्याने आलेल्या मुलींना यंत्र हाती देताना ग्रोब मिश्रणाच्या आलेखाबरोबर त्या ब्यूटिलअमाइनच्या मालिकेचा आलेखही दाखवते: चार बिंदू, एक सुरेख सरळ रेषा, आणि आरंभबिंदूच्या उजवीकडे, जिथे ती अक्षाला टेकते तिथे, माझ्या पेन्सिलीची छोटी फुली.